सात नंबरचा कारकून

४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी सहा वाजून दहा मिनिटं

दादा,

आत्ता जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी चिकटवत होतो. तीन पायऱ्या राहिल्या आणि पट्टी संपली, म्हणून तिथेच बसून लिहायला घेतलं. पट्टी पाहुण्यांसाठी आहे. आपल्याकडे पाहुणे येत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण आले तर.

काल तुझा एका शब्दाचा मेसेज आला. ‘डोळे?’ मी नेहमीप्रमाणे ‘ठीक’ कळवलं. महिन्याच्या सुरुवातीला तू एक शब्द पाठवतोस, मी एक शब्द पाठवतो. त्याहून जास्त बोलायला फोन केला तर तू उचलत नाहीस. म्हणून कागद घेतला. पत्राचं एक बरं असतं, ते वाजत नाही. हवं तेव्हा उघड, नको असेल तर राहू दे. वर ‘तीर्थरूप’ लिहावं की ‘प्रिय’ यात बराच वेळ गेला. दोन्ही शब्द मला बिनचूक लिहिता येतात, पण दोन्ही बसेनात.

लिहिण्याचं कारण काम आहे. आपला प्रोग्रॅम बंद होतोय. रुग्णवाहिकांचा नियंत्रण कक्ष आता एका खोलीत मावत नाही, गावाच्या दोन टोकांना आणखी दोन कक्ष उघडलेत आणि तिन्ही मिळून एकच यंत्रणा हवी आहे. दहा मार्चपासून सगळं नव्या प्लॅटफॉर्मवर. कक्षाच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. तू गेलास तेव्हा त्यांनी विश्वासानं सगळं माझ्याकडे दिलं होतं, तसंच आताही म्हणाल्या की पहिला हक्क तुझा. जमवलंस तर तूच सांभाळ. नाही जमलं तर बाहेरची कंपनी येईल, आणि कंपनी आधी प्रमाणपत्र बघेल. माझ्याकडे अर्धवट सोडलेल्या शाळेचा दाखला आहे. तो मी नीट प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय, पण आहे तो तेवढाच.

गेल्या आठवड्यात सोमवारपासून शिकवणी सुरू झाली. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून लहान आहेत. बरोबरची तीन मुलं कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलीत. मी सोळाव्या वर्षापासून तुझ्या हाताखाली हे काम करत आलो, त्यामुळे पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी मागे गेलो. त्या मुलांना सगळं पटापट कळतं, कारण त्यांच्या डोक्यातून आधी काही बाहेर काढावं लागत नाही.

बाबा मजेत. आई म्हणते तुला लिहितोय तर लिही की स्वेटर पाठवला होता तो मिळाला का.

*

१३ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

तू असतास तर हे मला दोन वाक्यांत समजावलं असतंस. मला पाच पानं लागतील, पण लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही.

आपल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक मोठा फळा होता. गाड्या, चालक, पेशंट, पत्ते, सगळं त्या फळ्यावर. ज्याला जे हवं ते त्यानं वाचायचं, बदलायचं, आणि एक जण लिहीत असेल तर बाकीच्यांनी थांबायचं. मी पहिल्याच दिवशी विचारलं, इथे फळा कुठे आहे? मुलं हसली. इथे फळाच नाही. प्रत्येक गाडीचा एक छोटा कारकून आहे. कारकून हा बाईंचा शब्द. त्याला एक खुर्ची, एक खण आणि चिठ्ठ्यांचा एक ट्रे. दुसऱ्याच्या खणात डोकवायचं नाही. काही विचारायचं असेल तर चिठ्ठी टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं. उत्तर आलं तर येईल.

हे चिठ्ठी टाकून निघून जाणं माझ्याच्यानं होत नाही. माझ्या हातून दर वेळी असा कोड लिहिला जातो की चिठ्ठी टाकली आणि तिथेच उत्तराची वाट बघत उभा. बाई म्हणाल्या, तुम्ही सारखा फोन कानाला लावून बसता हो. मुलं पुन्हा हसली. मीही हसलो, पण मला काही हसू आलं नव्हतं.

त्याहून अवघड पुढेच आहे. थोड्या थोड्या कारकुनांवर एक मुकादम असतो. तो स्वतः काही काम करत नाही. एखादा कारकून पडला, म्हणजे चुकीची चिठ्ठी खाऊन बंदच झाला, की मुकादम त्याच खुर्चीवर नवा कारकून बसवतो, कोऱ्या खणासह. का पडला हे विचारत बसत नाही. नवा कारकून इकडे तिकडे विचारून घेतो की माझी गाडी कुठे आहे, काय करतेय, आणि कामाला लागतो. हे सगळं एका क्षणात. म्हणून बाई सांगतात, पडत असेल तर पडू द्या.

पडू द्या! इतक्या वर्षांत मी एकच गोष्ट शिकलोय, पडू द्यायचं नाही. आपल्या फळ्याला धक्का लागला की सगळंच बंद पडायचं, आठवतं ना? म्हणून मी ओळीओळीखाली जाळी बांधायला शिकलो. काही चुकलं की जाळीत झेलायचं, आधीची बरी माहिती तशीच धरून ठेवायची आणि पुढे चालू. तू गेल्यानंतर मी आणखी कितीतरी जाळ्या बांधल्या. दोन वर्षांत कक्ष एकदाही बंद पडला नाही. याचं कौतुक कुणी केलं नाही, कारण न पडलेल्या गोष्टीचं कोण कौतुक करणार.

घरचं ठीक. सकाळी मी बाबांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो, माझे उच्चार सुधारावेत म्हणून. चहाचा कप कायम त्यांच्या उजव्या हाताला, टेबलाच्या कोपऱ्यापासून एका वितीवर. चपला दाराच्या डावीकडे. रेडिओच्या बटणाला मी थोडासा मेणाचा ठिपका लावलाय, शोभेसाठी. आई म्हणते, तू एवढा टापटिपीचा आहेस ना, म्हणून तुला कुणी मुलगी देत नाही. ती बिचारी घरात करणार काय?

परवा बाबांना चष्म्याचा नंबर तपासायला नेलं होतं. नंतर डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. नंबर वाढलाय म्हणाले. आणखीही काही बोलले, पण डॉक्टर लोक घाबरवतातच. महिनाअखेरपर्यंत ठरवा म्हणाले.

घंटा झाली. जातो.

*

२० फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी सव्वासात, कक्षाच्या बाहेरच्या बाकावर

दादा,

झालं. सगळ्या गाड्यांचे कारकून लिहून झाले. दोन मुकादम, त्यांच्यावर एक मोठा मुकादम. आणि मी काय केलं ठाऊक आहे? नव्याची रचना घेतली आणि जुन्याची काळजीही घेतली. प्रत्येक कारकुनाच्या आत माझी जाळी घातली. आता त्यांच्याकडे मुकादमही आहे आणि जाळीही.

बाईंनी काल सगळं वाचलं. वाचताना त्या पेन गालावर आपटत होत्या. म्हणाल्या, स्वच्छ लिहिलंय, नावं छान दिलीत, पण हा कारकून कुठेच पडत नाही. मी म्हटलं, धन्यवाद. त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली.

मंगळवारी चाचणी. खोटे कॉल, पण गाड्या खऱ्या पळणार. मॅडम स्वतः बसणार आहेत. उठतो, बसतो, दाराची कडी पुन्हा बघून येतो.

काल दवाखान्यातून फोन आला होता. पुढच्या आठवड्यात येतो म्हटलं. बाबांना अजून काही बोललो नाही, त्यांचा मूड चांगला होता. जुना कक्ष कसा होता ते आईला सांगत होते, जसं काही आई तीस वर्षं त्यांच्या ड्यूटीचे डबे भरत नव्हतीच. गाडीचा नंबर बोर्डावर बघायच्या आधी तोंडातून यायचा म्हणाले. तुझा विषय निघाला नाही. निघतो तेव्हा ते ‘तो’ म्हणतात.

मी कुणाची बाजू घेत नाहीये. कक्षात गाड्या सोडताना त्यांना बोर्ड दिसत नाही हे तू मॅडमना सांगितलंस, दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची गेली. तू बरोबर होतास की नाही हे मला ठरवता आलं नाही, म्हणून तू बॅग भरत होतास तेव्हा मी खोलीत आलो नाही. एवढंच.

*

२६ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी साडेचार

दादा,

काल चाचणी झाली. लिहिताना अक्षर बिघडतंय, माफ कर.

सुरुवात इतकी छान झाली की मीच दोनदा उठून खिडकीपाशी जाऊन आलो. खोटे कॉल येत होते, कारकून चिठ्ठ्या टाकत होते, गाड्या निघत होत्या. स्क्रीनवर सगळं हिरवं. एकही लाल ओळ नाही. मॅडमनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

अकराच्या सुमारास यार्डाच्या मागच्याच गल्लीतून कॉल घातला होता. एक शिकाऊ नर्स छाती धरून पायरीवर बसणार आणि गाडी येईपर्यंत वेळ मोजणार. यार्डात सात नंबर उभी होती, चालत गेलं तरी चार मिनिटं. यंत्रणेनं बारा नंबर पाठवली, नदीच्या पलीकडून. नर्स वाट बघून पायरीवरच झोपली. बारावाल्यांनी तिला हलवलं तेव्हा ती म्हणाली, मी मेले वाटतं.

सगळे हसले, मॅडम सोडून. त्यांनी विचारलं, सात नंबर का नाही गेली? मी स्क्रीन दाखवली. सात नंबर हिरवी, पण ‘पेशंट घेऊन निघालेली’. मॅडम उठून खिडकीशी गेल्या. खाली सात नंबर उभी, आणि तिच्या पायरीवर भोंगा बसलेला. तुला आठवत असेल, मोठ्या आवाजाचा चालक, तुझ्या वेळीही सात नंबरच चालवायचा. मॅडमनी वरूनच विचारलं, तुझ्या गाडीत पेशंट आहे का? तो म्हणाला, आहे की, मीच आहे, सकाळपासून बसून बसून पाठ धरलीय. नोकरी लागल्यापासून असा दिवस बघितला नव्हता म्हणाला, नवी यंत्रणा फार गुणाची आहे.

बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. सकाळी दहाला सात नंबर पत्र्याच्या शेडखाली गेली होती. तिथून तिच्या यंत्रानं जागेची रिकामी चिठ्ठी पाठवली. कारकुनाला ती कळेना. माझ्या जाळीनं त्याला झेललं आणि आधीची माहिती धरून ठेवली, म्हणजे पेशंट घेऊन निघालेली. त्यानंतरची प्रत्येक चिठ्ठी त्याच जाळीत अडकत गेली. कारकून खुर्चीवर ताठ बसलेला. मुकादमानं बघितलं तर कारकून जागेवर.

“हा तर दहालाच कामातून गेला होता,” बाई म्हणाल्या. “मग पडला का नाही?”

“मी पडू दिलं नाही.”

“मग मुकादमाला कळणार कसं?”

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही, पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि उठून गेल्या.

मॅडमनी शनिवारपर्यंत वेळ दिलाय. शनिवारी पुन्हा चाचणी, तीही फसली तर कंपनी. आज सकाळपासून एकेक जाळी काढतोय. प्रत्येक जाळी मी कुठल्या दिवशी, कशाच्या भीतीनं बांधली ते मला आठवतं. काढताना हात थांबतो. पुसतो, परत आणतो, परत पुसतो. बाजूचा मुलगा म्हणाला, भाऊ, दात काढताय का स्वतःचा?

काल घरी गेलो तर जिन्यावरची पांढरी पट्टी अंधारात चांगली उठून दिसत होती. मी खालच्या पायरीवर बराच वेळ उभा राहिलो. आज एवढंच.

*

८ मार्च, शनिवार
सकाळी नऊ वाजता, दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर

दादा,

आधी कामाचं, कारण ते सोपं आहे. दुसऱ्या चाचणीत सात नंबरचा कारकून अकरा वेळा पडला. भोंग्यानं मुद्दामच गाडी शेडखाली आतबाहेर केली. दर वेळी स्क्रीनवर लाल ओळ यायची, आणि मी हात पुढे करेपर्यंत नवा कारकून खुर्चीवर. मागच्या गल्लीत सात नंबरच गेली. नर्सची तक्रार होती की आज झोपायलाही मिळालं नाही. मॅडम म्हणाल्या, ठेवू या हे. बाईंनी एवढंच विचारलं, आता झोप लागेल का? मी खरं ते सांगितलं, की नाही.

आता दुसरं. एक तारखेला तुझा मेसेज आला. ‘डोळे?’ मी ‘ठीक’ लिहिलं आणि पाठवलं नाही. आज आठवडा झाला, तू काय समजला असशील कोण जाणे. उत्तर हे आहे.

बाबांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही. तो गेला. डाव्यानं धूसर दिसतं. मार्च संपायच्या आत ऑपरेशन केलं तर डावा राहील, असं डॉक्टरांनी मला चष्म्याच्या तपासणीच्या दिवशीच सांगितलं होतं. बाबांना मी म्हटलं नंबर वाढलाय, आणि तुलाही तेच लिहिलं. पट्टी, पेपर, मेणाचा ठिपका, कप कुठे ठेवतो ते, हे सगळं मी तुला आधीच लिहिलंय. फक्त कशासाठी ते लिहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मी पेपर उघडला आणि वाचलाच नाही. ते थांबले होते. मग मी म्हटलं, “बाबा, तुम्हाला दिसत नाही.”

“वाच की.”

“तुम्हाला दिसत नाही, बाबा.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “तू सगळं जागच्या जागी ठेवतोस. तुला बरं वाटतं म्हणून मी काही बोलत नाही.”

मग मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, न थांबता, शाळेत धडा म्हणायचो तसं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता माझ्यावर आवाज चढेल. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

“तो दर महिन्याला तुला विचारतो ना? आई सांगते मला. तू काय कळवतोस?”

“ठीक.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

त्यांनी कप चाचपला. तो जागेवरच होता, तरी दोनदा चाचपला. म्हणाले, “मला वाटायचं त्याला सगळं कळतंय आणि तरी तो येत नाही.”

दादा, हे वाक्य मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरतोय. तुला वाटत होतं बाबा ठीक आहेत आणि बोलत नाहीत. त्यांना वाटत होतं तुला माहीत आहे आणि तू येत नाहीस. आणि मध्ये मी, दोन्हीकडून झेलत, सगळं हिरवं ठेवून. आई तेवढं म्हणाली, तिघंही एकापेक्षा एक आहात, आणि आत जाऊन भांडी जोरात लावायला लागली.

थोड्या वेळानं बाबा आपणहून बोलले. बोर्डावरचा तीन त्यांना आठ दिसायचा, ते अंदाजानं नंबर सांगायचे, नशिबानं बरोबर यायचा. “बाकी कुणाला कळलं नाही,” म्हणाले, “त्याला कसं कळलं काय माहीत.” त्यात राग नव्हता. होता तर मला ओळखता आला नाही, आणि मी त्यांचा राग लांबून ओळखतो.

आज तपासणी झाली. येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला सकाळी आठ वाजता त्यांना आत घेतील. आत्ता ते माझ्या शेजारीच बसलेत. कुणाला लिहितोयस विचारलं. मी सांगितलं. बरं म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, अक्षर नीट काढ.

तू ये असं मी लिहीत नाही. चिठ्ठी टाकून कामाला लागायचं, हे मला आता थोडं थोडं जमतंय. तू आधी पैशांचं विचारशील हे ठाऊक आहे, म्हणून हिशेब खाली लिहितो.

झालेला खर्च
तपासणी, दोन वेळा: ११००
थेंब आणि गोळ्या: ६४०
टॅक्सी, जाऊन-येऊन: ४८०
पांढरी पट्टी, तीन रिळं: २१० (पट्टी राहू देणार आहे. आईलाही बरी पडते.)
हे पत्र वेळेत पोचावं म्हणून कुरियर: १८०
एकूण: २६१०

देणं
मॅडमनी ऑपरेशनसाठी पगारातून आगाऊ दिले: १८०००. सहा महिन्यांत फिटतील. तू पाठवू नकोस.
तुला आजवर कळवलेले सगळे ‘ठीक’: ते परत घेतले असं समज.

येणं
काही नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बाबांचा फोन त्यांच्याच खिशात असेल. कुणाचा आहे ते त्यांना दिसत नाही. वाजला की पहिल्या घंटेला उचलतात.